जुन्या लहान मोटारीचे हादरे : कारणे आणि उपाय

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नागपूरहून बैतूलकडे जाणारा हमरस्ता पांढुर्ण्यावरून जातो, तर छिंदवाड्याकडे जाणारा सौंसरवरून. या दोन्ही रस्त्यांवर, आणि त्याहूनही अधिक संत्र्यांच्या बागांकडे जाणाऱ्या आडवाटांवर, जुन्या लहान मोटारी आजही धावताना दिसतात. त्यांत मारुती ८०० ही सर्वांच्या ओळखीची. डिसेंबर १९८३ मध्ये ती प्रथम बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिच्यातील वयाने सर्वांत लहान गाडीनेही दहा वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. अशी जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाची पहिली तक्रार बहुधा एकच असते : गाडी फार आदळते, खडखडते आणि एका बाजूला ओढते.

ही तक्रार केवळ सुखासीनपणाची नव्हे. हादरणाऱ्या गाडीचे चाक क्षणोक्षणी जमीन सोडू पाहते. आणि जे चाक जमिनीवर टेकलेले नाही, ते वळत नाही व त्याला ब्रेकही लागत नाही. म्हणून या दोषांची कारणे कशी शोधावीत आणि खर्च कोठे करावा, याचे विवेचन आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम रस्त्याचा विचार करू. आपल्याकडील काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पाया भक्कम नसेल, तर डांबराचा पृष्ठभागही तिच्याबरोबर उंचसखल होतो. अशा रस्त्यावरून बैलबंडी जाते तेव्हा चाकाला बसलेला प्रत्येक धक्का थेट बसणाऱ्याच्या पाठीला पोहोचतो. कारण साट आणि आस यांच्यामध्ये लवचीक असे काहीच नसते. टांग्याला लोखंडी पट्ट्यांची कमान असते, म्हणून टांगा मऊ वाटतो. मोटारीची स्प्रिंग हे या कमानीचेच भावंड होय.

परंतु केवळ स्प्रिंग पुरेशी नाही. दाबलेली स्प्रिंग धक्क्याची शक्ती साठवून ठेवते, नष्ट करीत नाही. सोडल्याबरोबर ती ती शक्ती परत देते आणि गाडी खालीवर डोलत राहते. हे डोलणे आवरण्याचे काम शॉक ॲब्झॉर्बर करतो. गॅरेजमध्ये त्यालाच ‘शॉकअप’ म्हणतात. त्याच्या नळीत तेल असते, आणि आतील दट्ट्या सरकला की ते तेल बारीक छिद्रांतून मोठ्या कष्टाने वाट काढते. या घर्षणात गतीची उष्णता होते आणि डोलणे थांबते. तिसरा घटक म्हणजे रबरी बुश आणि बॉल जॉइंट. सर्व दांडे आपापल्या जागी धरून ठेवावेत, पण त्यांना हवे तेवढेच हलू द्यावे, हे यांचे काम. चौथा घटक टायर. त्यातील हवा हीच गाडीची पहिली स्प्रिंग.

मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसविलेले असतात. या रचनेला अमेरिकन अभियंता अर्ल मॅक्फर्सन यांचे नाव आहे. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधील फोर्ड कंपनीच्या मोटारींतून ती प्रसिद्धीस आली. तिच्यात भाग थोडे आणि जागाही थोडी लागते. म्हणूनच लहान गाड्यांनी ती उचलली. मात्र भाग थोडे असल्यामुळे प्रत्येक भागावर जबाबदारी अधिक पडते. या गाडीचा पुढचा आडवा स्टॅबिलायझर दांडा गाडीचे कलणे रोखतोच, शिवाय चाकाला मागेपुढे सरकू न देण्याचे कामही करतो. त्याचे रबर झिजले की ब्रेक लावताच खालून ‘टक्’ असा आवाज येतो.

आता तपासणीचा क्रम पाहू. आमचे सांगणे एवढेच की, जमिनीपासून वर जावे आणि स्वस्तापासून महागाकडे जावे. पुष्कळ लोक याच्या उलट करतात : गाडी आदळली की आधी नवे शॉकअप घालतात आणि नंतर दोष टायरच्या हवेत होता असे आढळते.

प्रारंभ टायरपासून करावा. हवा गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढी, आणि टायर थंड असताना भरावी. जास्त हवा भरली की मऊ स्प्रिंगची गाडीही दगडासारखी आदळते. टायरची झीज हे तर एक वाचनीय पानच आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त झाली. एकच कड झिजली असेल तर चाकांची सरळ रेषा बिघडली. आणि जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअपवर संशय घ्यावा.

त्यानंतर हादऱ्याचा वेग लक्षात घ्यावा. येथे शाळेतील गणित उपयोगी पडते. या गाडीच्या १२ इंची चाकाचा परिघ टायरसह सुमारे १.६ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. म्हणजे चाक सेकंदाला दहाहून थोडे अधिक फेरे घेते. स्टिअरिंग असे जलद थरथरत असेल, तर बहुधा चाकाचा तोल बिघडलेला असतो आणि बॅलन्सिंगने काम भागते. याउलट स्प्रिंगवरील गाडीचे सावकाश डोलणे सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा होते. तसे डोलणे थांबत नसेल, तर दोष शॉकअपचा समजावा.

शॉकअपची परीक्षा सोपी आहे. उभ्या गाडीचा एक कोपरा जोराने खाली दाबून सोडावा. तो वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक. दोनतीनदा डोलला तर शॉकअप निकामी झाला. नळीवर तेलाचा ओघळ दिसला तरी तोच अर्थ. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर एक शॉकअप कोमट आणि जोडीचा दुसरा थंडच असेल, तर थंड असलेला काम करीत नाही असे समजावे. कारण काम केले की उष्णता निर्माण झालीच पाहिजे.

मग सांधे तपासावेत. जॅकवर चाक उचलून ते वर आणि खाली धरून हलवावे. खटखट वाटली तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. डावी-उजवीकडे धरून हलविल्यास टाय रॉडचा सांधा कळतो. वेगाबरोबर वाढणारा घुमणारा आवाज बेअरिंगचा असतो. स्टिअरिंग पुरते वळवून गाडी चालविताना येणारी कटकट चाक फिरविणाऱ्या ॲक्सलच्या सांध्याची असते. तिचा सस्पेन्शनशी संबंध नाही. सैल झालेला बॉल जॉइंट मात्र एक दिवसही चालवू नये. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाटी लागते. तेथील वळणावर हा सांधा निखळला तर चाक आडवे होते आणि गाडी हाती राहत नाही.

दुरुस्तीचे काही नियम पाळावेत. शॉकअप एकेक न बदलता एका आसावरील दोन्ही बदलावेत, नाही तर गाडी एका बाजूला झुकते. रबरी बुशचे बोल्ट चाके लोंबकळत असताना पक्के आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचा पिळा द्यावा. अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते. अनेक ‘नवे बुशही टिकले नाहीत’ या तक्रारींचे मूळ या एका चुकीत असते. पुढचे भाग बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच.

विद्यार्थिमित्रांसाठी दोन इशारे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम घोडी किंवा लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. आणि दाबून बसविलेल्या स्प्रिंगच्या खांबाचा वरचा नट स्प्रिंग आवळून धरणाऱ्या हत्याराशिवाय उघडू नये. त्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी शक्ती कोंडलेली असते. हे काम कारागिराचेच आहे.

शेवटी भाराविषयी. संत्र्यांच्या हंगामात मागच्या आसनावर क्रेट रचण्याचा मोह होतो आणि मागची बाजू बसू नये म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी तुकडे घातले जातात. तेवढे वेढे निकामी झाल्याने स्प्रिंग ताठ होते आणि धक्का थेट पत्र्याच्या सांध्यांवर जातो. शिवाय मागचा भार वाढल्याने पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंगचा ताबा कमी होतो. साडेसहाशे किलोच्या आसपास वजन असलेल्या गाडीकडून मालमोटारीचे काम घेणे हे तिच्यावर आणि आत बसणाऱ्यांवर अन्यायाचे होय.

रस्ता सुधारणे आपल्या एकट्याच्या हाती नसते. पण हवा मोजणे, टायर वाचणे आणि आवाजाचे कारण ओळखणे प्रत्येक घराला साध्य आहे. असे घर गॅरेजमध्ये जाते तेव्हा ‘काहीतरी वाजते आहे’ असे न सांगता ‘ब्रेक लावताना डाव्या बाजूला टक् होते’ असे सांगते. अर्धी दुरुस्ती तेथेच झालेली असते.