पाठराख्याची कीर्ति

फुटबॉलचा सामना पाहावयास जमलेल्या लोकांचें लक्ष बहुधा गोल करणाराकडे असतें. चेंडू जाळ्यांत गेला कीं टाळ्यांचा कडकडाट होतो. परंतु जो चेंडू जाळ्यापर्यंत पोहोंचूंच दिला नाहीं, त्याबद्दल टाळी वाजविण्याचें कोणास सुचत नाहीं. ‘बॅक’ म्हणून खेळणाराची हीच अडचण आहे. अनर्थ न घडणें हेंच त्याचें यश. आणि न घडलेली गोष्ट लोकांच्या डोळ्यांत भरावी कशी?

या दृष्टीनें इटलींतील मिलान शहरच्या पाओलो मालदिनीचें चरित्र मनन करण्यासारखें आहे. त्याचा जन्म १९६८ सालीं झाला. त्याचे वडील चेझारे हेही नामांकित बॅक होते. १९६३ सालीं युरोपियन चषक जिंकणाऱ्या ए. सी. मिलान संघाचे ते कर्णधार होत. त्याच संघांतून पाओलो ता. २० जानेवारी १९८५ रोजीं, अवघा सोळा वर्षांचा असतां, उदिनेझे संघाविरुद्ध प्रथम मैदानांत उतरला. पुढें २००९ सालीं निवृत्त होईपर्यंत त्यानें संघ बदलला नाहीं. मिलानतर्फें तो ९०२ व इटलीतर्फें १२६ सामने खेळला. या काळांत मिलाननें सात वेळां इटलीचें व पांच वेळां युरोपचें अजिंक्यपद मिळविलें.

त्याच्या खेळांत धसमुसळेपणा नव्हता. मूळचा उजव्या पायाचा असूनही तो डाव्या बाजूस खेळे. दोन्ही पाय त्यानें अभ्यासानें तयार केले होते. समोरचा फॉरवर्ड कोणीकडे वळणार हें आधींच ताडून तो नेमका तेथें उभा राही. त्यामुळें जमिनीवर घसरून चेंडू हिसकावण्याची पाळी त्याजवर क्वचितच येई. उत्तरवयांत तो बचावाच्या मध्यभागीं खेळूं लागला.

तथापि मानाची वांटणी पाहा. युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूस ‘सोनेरी चेंडू’ देण्याची प्रथा १९५६ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून २०२५ पर्यंत बचावाच्या फळींतील फक्त तिघांस तो मिळाला: बेकनबॉवर (१९७२ व १९७६), सामर (१९९६) आणि कान्नावारो (२००६). मालदिनी १९९४ व २००३ सालीं तिसरा आला. १९९४ सालीं त्याच्या पुढें असलेले स्तोइच्कोव्ह व बाज्जो हे दोघेही फॉरवर्डच होते.

लोकप्रियतेचा आणखी एक नमुना २००९ च्या मे महिन्यांत दिसला. ता. २४ रोजीं घरच्या मैदानावर तो अखेरचा खेळला, तेव्हां मिलानच्याच कांहीं कट्टर पाठीराख्यांनीं शिट्या वाजवून त्याची अवहेलना केली. आठवड्यानें, ता. ३१ रोजीं, फ्लॉरेन्स येथें त्याचा शेवटचा सामना झाला. तेथें प्रतिस्पर्ध्यांच्या लोकांनीं टाळ्यांच्या गजरांत त्यास निरोप दिला! मनुष्य तोच, खेळही तोच. बदलले ते पाहणारे.

यावरून लोकांचा गौरव हा कर्तृत्वाचें अचूक माप नव्हे, हें उघड होतें. मिलान संघानें मात्र त्याचा ३ क्रमांकाचा सदरा त्याच्या मुलांखेरीज दुसऱ्या कोणास न देण्याचें ठरविलें. विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेचा संघ जिंकेल तेव्हां गोल करणारास अवश्य खांद्यावर घ्या. पण दिवसभर पाठ राखून दमलेल्या त्या बॅककडेही एकवार वळून पाहा.