शेंड्याशेंड्यांवरून जाणारा आवाज

घुग्घुसहून सकाळी गाडी काढली, की चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागडला पोचेस्तोवर दिवस कलतो, आणि या वाटेवर डोळ्यांना जेवढं दिसतं त्याहून कितीतरी जास्त आपल्या डोक्यावरून, झाडांतून, अगदी आपल्या अंगातूनसुद्धा बोलत जात असतं. खाणीतला माणूस बोलतो, वनखात्याचा गस्तीवाला बोलतो, ठाण्यातला वायरलेसवाला बोलतो, वरून चाललेल्या विमानातला वैमानिक बोलतो. सगळे एकाच वेळी, एकाच हवेत, आणि तरी ज्याचं त्याला पोचतं. आता पोरांनो, कंदील थोडा इकडे सरकवा आणि ऐका, कारण त्या आवाजाला वाटेत जे जे भेटतं ते वाघ भेटण्याहून कमी नवलाचं नाही.

घुग्घुसच्या उघड्या कोळसा खाणीपासूनच सुरुवात करू. सुरुंग लावायची वेळ झाली की भोंगा होतो, माणसं लांब सरतात. आणि जिथे जिथे विजेवर उडणारे डेटोनेटर वापरतात तिथे आणखी एक पथ्य असतं, जवळपासचे वायरलेस सेट आणि मोबाइल बंद ठेवायचे. का, तर डेटोनेटरच्या तारा जमिनीवर लांब पसरलेल्या असतात, आणि तार म्हटली की ती हवेतली रेडिओची लहर धरणारच, तिला कुणी शिकवावं लागत नाही. जवळच कुणी ताकदीच्या सेटवर बोलायला लागला, तर तारेत उतरलेली तेवढीशी वीज नको त्या वेळी बार उडवू शकते. आणि गंमत बघा, आपल्या देशात या लहरीनं लोकांपुढे पहिली करामत केली ती अशीच. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमाराला कलकत्त्यात भरसभेत भिंतीपलीकडून लहर सोडून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. म्हणजे लहर बोलायला नंतर शिकली, बार आधी उडवला!

असो. चंद्रपूर जवळ आलं की गाडीतला रेडिओ मीडियम वेव्हवर लावून बघा. औष्णिक वीज केंद्राच्या मोठ्या लाइनींखालून गाडी गेली की घर्र करून गाणं बुडतं. इथूनच पार कल्याणकडच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची एक लाइन १९९९ पासून वीज नेते आहे. एवढ्या दाबाच्या तारेभोवतीची हवाच किंचित पेटते, आणि त्या बारीक ठिणग्यांचा आवाज रेडिओ इमानानं आपल्याला ऐकवतो. मे महिन्यात सांजच्याला हाच रेडिओ कड्‌कड्‌ करू लागला, आकाश मात्र स्वच्छ, तर समजायचं की लांब कुठेतरी विजा पडताहेत. विजेचा लखलखाट आपल्या डोळ्यांना दिसतही नाही, तरी शेकडो किलोमीटरवरून तिची लहर येऊन सांगून जाते. एफएमवर मात्र हे ऐकू येत नाही, कारण तिथे आवाज लहरीच्या उंचीत नसतो, तिच्या दाट-विरळ होण्यात असतो, आणि वीज हलवते ती उंची.

पुढे मूलच्या रस्त्याला जंगल सुरू झालं की समोरून येणाऱ्या सरकारी जीपच्या टपावरची काडी, म्हणजे अँटेना, बघत चला. काडीवरून लहर ओळखता येते. वनखातं, पोलीस यांचे सेट बहुतेक अशा लहरींवर चालतात की एका लहरीची लांबी साधारण २ मीटर. काडी तिच्या चौथाईची, म्हणून अर्ध्या मीटरची. एवढ्याशा लांबीमुळे एक खोडी होते. झाडाखोडांवर आपटून आलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरीला कुठे बळ देतात, कुठे पुसून टाकतात, आणि या दोन जागांत अंतर फक्त एखाद्या पावलाचं. जंगलातला जुना वनरक्षक आवाज तुटला की आरडाओरडा करत नाही. पाऊलभर बाजूला सरकतो, सेट डोक्याच्या वर धरतो, नाहीच जमलं तर टेकाड चढतो. त्यानं पुस्तक वाचलेलं नसेल, पण त्याच्या पायांना हे शास्त्र ठाऊक असतं.

आलापल्लीच्या पुढे साग दाटला की खरी मौज. झाड म्हणजे उभं पाणी. पानापानांत पाणी, खोडात पाणी, आणि पाणी लहर पिऊन टाकतं. त्यातून सागाची खोडं उभी, गाडीवरची काडीही उभी, म्हणून उभी लहर खोडांना जास्त सापडते. आडवी जरा सुटते. हिशेबानं पाहिलं तर दाट रानात आवाज थोड्या अंतरात मरून जायला पाहिजे. पण तो जातो, वाटलं त्याहून पुढे जातो! १९६० च्या दशकात अमेरिकी सैन्यानं थायलंडच्या जंगलात याची मोजमापं केली, आणि १९६७ साली तामीर नावाच्या शास्त्रज्ञानं कोडं सोडवलं. लहर झाडांतून सरळ जातच नाही. ती आधी वर चढते, शेंड्यांवर पोचते, मग वानरासारखी शेंड्याशेंड्यांवरून पुढे जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आली की खाली उतरते. हे वाचलं त्या दिवसापासून मला सागाच्या रानाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

आणि समोर डोंगरच असला तर? सैन्याच्या ट्रकवर कधी दोन-तीन माणूस उंचीची काडी पाहिलीत का, शेंडा दोरीनं वाकवून बांधलेली? चालताना ती फांद्यांत अडकू नये हे तर झालंच, पण तसं वाकवल्यानं लांब लहरी बऱ्याचशा सरळ आकाशात जातात. वर २५० ते ३०० किलोमीटरवर, जिथे उन्हानं हवेचे कण फोडलेले असतात, तिथून त्या उलटून खाली येतात आणि डोंगराच्या अलीकडे पलीकडे, दरीत, सगळीकडे उतरतात. व्हिएतनामच्या रानात ही युक्ती फार कामी आली. रात्री या आकाशाचा खालचा थर विरतो, तो लहर पिणारा थर, म्हणून मीडियम वेव्ह अंधारात देशभर जाते. आकाशवाणीनं १९८८ साली नागपूरहून रात्रीचं राष्ट्रीय प्रसारण सुरू केलं ते याच जोरावर; नागपूर देशाच्या मधोमध, आणि रात्र लहरीच्या बाजूची.

आता भामरागड. पर्लकोटेला पूर आला की गावाचा रस्ता तुटतो, दरवर्षीचंच आहे. त्या दिवसांत ठाण्यातला बिनतारी सेट म्हणजे गावाचा बाहेरच्या जगाशी उरलेला धागा. निसर्गाचं वागणं कसं बघा: उन्हाळ्यात साग पानं गाळून मोकळा असतो तेव्हा आवाज लांब जातो, आणि पुरात, जेव्हा गरज सगळ्यांत मोठी, तेव्हा रान पानांनी गच्च आणि ओलं. म्हणून डोंगरमाथ्यावर रिपीटर लागतात, खालचा क्षीण आवाज उचलून पुन्हा जोरानं पुढे देणारे. पुराचंच आणखी एक, आपल्या घुग्घुसला वर्धेच्या काठी केंद्रीय जल आयोगाचं मापन केंद्र आहे. तिथलं पाणी पुढे प्राणहितेत, गोदावरीत जातं. पाण्याच्या आधी त्याची बातमी पोचली तर खालची माणसं वाचतात.

अमेरिकेत काही लोक सुट्टीला निघताना गाडीत स्कॅनर ठेवून पोलिसांचं बोलणं ऐकत जातात, तिथे पुष्कळ ठिकाणी ते चालतं. आपल्याकडे चालत नाही. १९३३ च्या कायद्यापासून परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा होता, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंही परवानगीची अट ठेवलीच आहे. माझ्या लहानपणी साध्या रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, वडील ते पुस्तक कपाटात जपून ठेवत. साध्या रेडिओची ती अट गेली हे चांगलंच झालं. पण पोलिसांच्या बोलण्यावरची राहिली तेही बरोबर आहे. गडचिरोलीच्या रानात गस्तीचं पथक कुठे आहे हे नको त्या कानावर गेलं, तर त्यात कुणाच्या तरी घरचा मुलगा जाईल. त्या वाटेला जायचंच नाही.

पण हवेत बोलायची हौस असेल तर तिला राजमार्ग आहे. हॅम रेडिओची परीक्षा द्या, थोडं विजेचं, थोडं नियमांचं शिकावं लागतं. पास झालात की सरकार तुम्हाला स्वतःचं नाव देतं, भारताचं म्हणून ‘व्हीयू’नं सुरू होणारं. पूर-वादळात हे लोक मदतीला धावून गेलेले आहेत. वयाची अट फक्त १२ वर्षं पूर्ण. तुमच्यातल्या दोघा-तिघांना ती पुरी झालेली आहेत. या पावसाळ्यात अभ्यासाला लागा.