नाव कप्तानाचं, कष्ट बाईचे!

बोगनवेलीच्या रंगीत पाकळ्या खरं तर पानंच असतात बरं का! खरं फूल म्हणजे मधली इवलीशी पांढरी नळी.

नाव आलं फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्यावरून. त्यातल्या 'व्हिल'ची आपण छान 'वेल' केली. १७६७ मध्ये त्याची जहाजं ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला थांबली. तिथे मोहिमेतले वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन यांना ही वेल मिळाली आणि तिला नाव मिळालं कप्तानाचं.

पण कॉमर्सन यांच्या पायाची जखम चिघळलेली. रानात हिंडायला, ओझी वाहायला होता त्यांचा मदतनीस. आणि हा मदतनीस म्हणजे पुरुषवेशातली झान बारे! नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी होती ना. ही वेल पहिल्यांदा तिच्याच हाती लागली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला तर ते अगदी पटतं.

पुढे बिंग फुटलं, तरी पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली स्त्री ठरली. १७८५ मध्ये फ्रेंच सरकारने तिला पेन्शनही दिली. कॉमर्सन यांनी एका झाडाला तिचं नाव ठेवलं होतं, ते काही टिकलं नाही. टिकणारं नाव मिळायला २०१२ उजाडलं. दक्षिण अमेरिकेतली ती एक रानवेल आहे, सोलॅनम बारेटिई. आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातली!