केदारकुंडाचे पाणी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसतात. शेतातील काळी माती, धान्य आणि कलशातील पाणी एवढ्या सामग्रीवर नऊ दिवसांचा हा सोहळा उभा राहतो. एकदा तरी ते पाणी पाटणादेवीच्या डोंगरातील केदारकुंडाचे असावे, अशी आमच्या थोरल्या काकूंची फार दिवसांची इच्छा. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले. तेव्हा घट बसण्यास तीन दिवस असताना आम्ही व काकूंचा मुलगा, म्हणजे आमचा धाकटा चुलतभाऊ, तांब्याचा गडू घेऊन धुळ्याहून निघालो.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर सातमाळा डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचे हे प्राचीन हेमाडपंती मंदिर आहे. येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ग्रहगणिताचे पाठ ज्या रानात चालले, ते रान १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते. म्हणून आम्ही वनखात्याची परवानगी काढली आणि गावातील एक माहीतगार गृहस्थ सोबत घेतले.

देवीचे दर्शन घेऊन निघालो तो पुढील पायवाट पावसाने वाहून गेलेली! मग ओढ्याच्या पात्रातूनच चढू लागलो. दोहो बाजूंस साग, अंजन, पळस. सीताफळे डोळे उघडू लागली होती. खडक शेवाळाने इतके निसरडे की वहाणा हातात घ्याव्या लागल्या. दोन ठिकाणी ओणव्याने, एके ठिकाणी तर बसूनच पुढे सरकलो. (देवाच्या दारी साष्टांग घालणे याहून सोपे, असे त्या वेळी वाटले खरे.) तासाभराने धबधब्याचा घोष कानी आला. वळण घेताच कड्यावरून उतरणारी शुभ्र धार दिसली. कुंड आता शंभर पावलांवर होते.

एवढ्यात सोबतचे गृहस्थ थबकले. पायाशी वाहणारे पाणी क्षणापूर्वी नितळ होते. त्यात तांबूस झाक आली होती व वाळकी पाने वाहत येत होती.

“दादा, पानी वाढी ऱ्हायनं, मांगे फिरा.”

माथ्यावर स्वच्छ ऊन होते. परंतु या डोंगराची रीतच अशी, की वर कन्नडच्या पठारावर पाऊस पडतो आणि त्याचे पाणी खाली खानदेशात उतरते. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस अशाच अतिवृष्टीने डोंगरी व तितूर या नद्या चाळीसगावात शिरल्या आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

“दादा, आईला काय सांगू?” भावाने विचारले. त्याची नजर कुंडावरून हलत नव्हती. आमचेही पाऊल मागे वळेना, हे येथे कबूल केले पाहिजे. अखेर त्या गृहस्थांनी त्याच्या हातातील गडू काढून घेतला व मुकाट्याने काठाची झुडपे धरून वर चढू लागले. आम्ही मागोमाग निघालो. थोडे उंचावर जाऊन पाहिले, तो ज्या खडकावर उभे होतो तो पाण्याखाली गेला होता.

परतीची वाट रानातून, काट्याकुट्यांतून काढावी लागली. पाणी ओसरल्यावर मंदिराखालच्या पात्रात भावाने गडू बुडविला. पाणी मातकट होते. घरी येताच त्याने आईपुढे सारे सांगितले. लपविले काही नाही.

काकूंनी गडूत डोकावून पाहिले. “त्याच डोंगरावरून आले ना रे हे?” एवढेच विचारून त्यांनी तो देवघरात ठेवला.

प्रतिपदेस पाणी निवळले होते. ते त्यांनी हलक्या हाताने कलशात ओतले. गडूच्या तळाशी बोटभर गाळ उरला, तो घटाच्या मातीत कालवला आणि त्यावर गहू पेरले.