खाणीपासून मुख्यालयापर्यंत एकच लॉगिन

बालाघाटजवळच्या भरवेलीत 'मॉइल'ची मँगनीज खाण आहे, कंपनीचं मुख्यालय नागपुरात. अशा विखुरलेल्या कोणत्याही संस्थेत कोणाला कुठली फाइल उघडता येईल, हे प्रत्येक संगणकावर वेगळं नोंदवलं तर गोंधळ ठरलेलाच. डिरेक्टरी सर्व्हिस म्हणजे सगळ्यांची एकच नोंदवही. तिच्याशी संवाद साधण्याची एलडॅप ही सुटसुटीत पद्धत १९९३ साली मिशिगन विद्यापीठातून आली. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही अशीच एक सर्व्हिस, विंडोज २००० सोबत आलेली. नोंदवहीत संस्था, ठिकाण, विभाग, मग माणूस अशी उतरती रचना असते. ठिकाणाला लावलेला नियम तिथल्या सर्वांना आपोआप लागू होतो. नोंदवहीची प्रत स्थानिक सर्व्हरवरही ठेवावी, म्हणजे मुख्यालयाशी जोडणारी लाइन तुटली तरी लॉगिन चालतं.

माझ्या मते डिरेक्टरीच्या व्यवस्थापकाची खरी कसोटी कर्मचाऱ्याच्या निवृत्तीच्या दिवशी लागते. निवृत्त झालेल्या माणसाचं खातं त्याच संध्याकाळी बंद करावं, पण लगेच पुसू नये. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत परवानग्या नावाला नव्हे, खात्याच्या अंतर्गत ओळख-क्रमांकाला चिकटलेल्या असतात. पुसून त्याच नावाने नवं खातं काढलं, तरी जुन्या परवानग्या परत येत नाहीत. आणि पासवर्ड बरोबर असूनही काम अडलं, तर आधी घड्याळ बघा: सर्व्हरच्या वेळेशी पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, तर कर्बेरॉस ही ॲक्टिव्ह डिरेक्टरीची ओळख-तपासणी लॉगिन अडवू शकते.