श्वेतदेवीचा मुलूख

कुमारी, माता आणि वृद्धा अशी तीन रूपे धारण करून, चंद्राच्या वृद्धिक्षयाबरोबर पालटणारी एकच आदिदेवी साऱ्या खऱ्या काव्याच्या मुळाशी वावरते, असे जे प्रतिपादन रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या इंग्रज कवीने १९४८ साली ‘द व्हाइट गॉडेस’ या ग्रंथात केले, ते विद्वानांनी इतिहास म्हणून आपल्या दप्तरी दाखल करून घेतले नाही. परंतु कवींनी आणि गायकांनी ते केव्हाच आपलेसे केले. त्याच ग्रंथाचे नाव मस्तकी धारण करून बव्हेरियातील ‘अटलांटियन कोडेक्स’ या वाद्यवृंदाने २०१३ साली जो तासाभराचा अल्बम काढला, त्याच्या तोडीचे काही डूम मेटल या संगीतप्रकारात माझ्या ऐकण्यात नाही.

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात छाटली गेली, म्हणून त्याने पुढे तारा सैल केल्या आणि स्वर खाली उतरवला. त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ या वृंदाने १९७० पासून जो मंद, जड नाद रूढ केला, त्याला १९८६ साली स्वीडनच्या ‘कँडलमास’ने महाकाव्याचा डौल दिला.

हा विलंबित डौल पुराणकथेला मानवतो, कारण देवतेला प्रकट व्हायला वेळ लागतो, आणि घाईच्या लयीत तिचे केवळ नाव उच्चारून होते. या अल्बममधले ‘सोल इन्व्हिक्टस’ हे गीत दहा मिनिटांहून अधिक चालते, आणि गायक मार्कुस बेकरचा स्वच्छ, उंच स्वर गिटारांच्या संथ लाटांवरून जात असता श्रोत्याला आपण कोणत्या शतकात आहोत याचा विसर पडतो. ज्या ‘सोल इन्व्हिक्टस’साठी, म्हणजे अजिंक्य सूर्यासाठी, सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोमात मंदिर उभारले, तेच बिरुद रोमन शिपायांच्या मिथ्राला शिलालेखांतून लावलेले आढळते; आणि मिथ्राचा नामबंधू, आपल्या ऋग्वेदातला मित्र, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या हित्ती आणि मितानी राजांच्या तहनाम्यात वरुण-इंद्रांसह साक्षीला उभा आहे.

पण माझे मन खरे गुंतले आहे ते ‘बिल्विस’ या शीर्षकात. वृंदाचा गिटारवादक मानुएल ट्रुमर हा रेगेन्सबुर्ग विद्यापीठातला लोकसंस्कृतीचा अभ्यासक असून रॉक संगीतातील सैतानाच्या प्रतिमेवर त्याने प्रबंध लिहिलेला आहे. अशा माणसाने ग्रेव्ह्‌जच्या विश्वव्यापी देवीशेजारी आपल्या मुलुखातला हा शेतचोर आणून बसवावा, यातच त्याची दृष्टी दिसते. पूर्व बव्हेरियातल्या ओबरफाल्झ इलाख्यात अशी समजूत होती की, पीक उभे असता, विशेषतः २४ जूनच्या संत जॉनच्या सणाच्या सुमारास, बिल्विस पायाला विळा बांधून शेतातून तिरपा चालत जातो, वीतभर रुंदीची वाट कापली जाते, आणि त्या शेताचे दाणे त्याच्या कोठारात जाऊन पडतात. याकोब ग्रिमने या प्राण्याची चर्चा १८३५ साली केली. पुढे आम्बेर्गला जन्मलेल्या, म्युनिकला सरकारी चाकरीत असलेल्या फ्रान्त्स झाव्हेर फॉन शोनवर्थने ओबरफाल्झच्या चालीरीती आणि दंतकथा १८५७ ते १८५९ या काळात तीन खंडांत छापल्या.

ज्येष्ठातल्या एका दुपारी मी त्या आम्बेर्गला गेलो. फिल्स नदीवर तटबंदीचा भाग आहे, त्याच्या कमानी पाण्यात उमटून चष्म्याचा आकार होतो, आणि गावाची समृद्धी मध्ययुगात लोखंडाच्या खाणींवर उभी राहिलेली. गावाबाहेर राय धान्याच्या शेतात मला खरोखरच एक अरुंद पट्टा दिसला. ताटे घोट्याच्या उंचीवर तिरपी कापल्यासारखी, टोके चावून काढल्यागत पांढरट. ससे आणि हरणे अशी वाट पाडतात हे स्पष्टीकरण मला ठाऊक होते, आणि ते मला पूर्ण मान्यही आहे. तथापि ज्याचा वर्षाचा सारा आणि भाकरी त्या पट्ट्यावर अवलंबून, त्याला तिथे विळा का दिसला असेल, हे बांधावर उभे राहिल्यावरच कळले.

आपल्याकडे दा. ध. कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’मध्ये (१९६२) पुण्याच्या परिसरातली मातृदेवतांची ठाणी जुन्या पायवाटांशी जोडून दाखवली, आणि रा. चिं. ढेऱ्यांनी लज्जागौरीचा माग गावोगाव काढला. त्यांच्या वाचनाने घडलेल्या मला देवतेला ठाणे असावे लागते, हे नव्याने पटवून देण्याची गरज नाही. सर्व मानवजातीची म्हणून जी आदिबिंबे सांगितली जातात, ती कुणाच्या तरी शिवारातून आल्याखेरीज कोरडी राहतात.

अल्बमचा आरंभही अशाच एका भूमीपासून होतो. उत्तर समुद्राखाली बुडालेल्या डॉगरलँडची तुतारी पहिल्या, छोट्या रचनेच्या नावात आहे. ‘कोलिंडा’ या मासेमारी जहाजाने १९३१ साली तिथून वर काढलेल्या पीटच्या ढेकळात शिंगाचे दातेरी भाल्याचे टोक निघाले, तेव्हा तिथे एके काळी माणसे वावरत होती याची साक्ष पटली. आपल्या परशुरामाने समुद्र हटवून कोकण मिळवले. त्यांच्याकडे समुद्राने मुलूख परत घेतला.

युरोपावरचे गीत मात्र मला किंचित घोषणेच्या अंगाने जाणारे वाटते: त्याच्या शीर्षकातल्या बारा तारे आणि निळे वस्त्र यांत युरोपचा ध्वज आणि बायबलातली तारकामुकुटाची स्त्री एकवटली आहे, पण तिच्या पायाखाली माती नाही. याच वृंदाचा ‘द कोर्स ऑफ एम्पायर’ हा २०१९चा अल्बम टॉमस कोलच्या पाच चित्रांच्या मालिकेचे नाव घेऊन साम्राज्यांच्या उदयास्ताकडे वळला. तो भव्य आहे, रचनेत अधिक सफाईदारही आहे, परंतु त्याच्या शीर्षकांत ओबरफाल्झचे एकही नाव नसल्याने माझा कौल ‘द व्हाइट गॉडेस’लाच आहे.