खूण नसली तरी

‘डॉक्टर, हिला काही झालं नाही ना? तेवढं सांगा.’ लैंगिक अत्याचाराच्या शंकेनं लेकराला घेऊन आलेल्या आई-वडिलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला त्यांना सांगावं लागतं की, नुसत्या तपासणीवरून याचं उत्तर मिळत नाही. अशा बहुसंख्य मुलांच्या अंगावर खूण सापडतच नाही. पुष्कळदा इजा झालेली नसते. झाली तरी ती काही दिवसांत भरून येते आणि मुलं बोलतात ती उशिरा. म्हणून मूल काय सांगतं, त्याला मोल. ते मी त्याच्याच शब्दांत लिहून घेते, खोदून विचारत नाही.

तपासणी डोक्यापासून सुरू होते. तोंड, दंड, पाठ, मांड्या. चिमुरडी आईच्या मांडीवरच पाय दुमडून बसते. मी बाहेरून बघते, आत काही घालत नाही. ती ‘नको’ म्हणाली की हात थांबतो. योनीत बोटं घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ तर करायचीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ती पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचा आदेश दिला. अंगावरचे कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात सील होतात. प्लास्टिकमध्ये दमट राहून पुरावा खराब होतो.

पण पुराव्याच्या आधी उपचार. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. वयात आलेल्या मुलीला गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर तितकी चांगली. हे उपचार खासगी रुग्णालयानंही मोफत द्यायचे आहेत.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलीला महिला डॉक्टरच तपासते. मुलगा असो वा मुलगी, विश्वासाचं माणूस जवळ हवंच. गुन्हा नोंदवलेला नसला तरी तपासणी होते, आधी पोलीस ठाण्यात जायची अट नाही. मात्र पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे, हे मी घरच्यांना सुरुवातीलाच सांगते.

शंका आली तर लेकराला अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. धुतले असतील, महिना उलटला असेल, तरीही या. कुठं जावं कळत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आणि रिपोर्टमध्ये काही निघालं नाही म्हणून लेकराला खोटं पाडू नका.